मथुराबाईंचे डोळे

जुनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्याला लोक वाट्टेल ते सांगतात. प्रिंटर रुसलाय, लॅपटॉपला ताप आलाय, टीव्ही आमच्या ह्यांच्यासारखा मधेच गप्प बसतो. बुधवारात तपकीर गल्लीत माझं दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे हे सगळं ऐकून घ्यायची सवय आहे. ऐकायचं, हं म्हणायचं आणि वायर तपासायची. पण गेल्या उन्हाळ्यात सुहासिनीताई मेहेंदळ्यांनी फोनवर जे सांगितलं, ते मी पुन्हा एकदा विचारून घेतलं.

"स्कॅनर जोडला जातो आणि तुटतो," त्या म्हणाल्या. "ते मी समजू शकते, जुना आहे. पण परत जोडला गेला की फोटोतली बाई डोळे मिटून घेते."

"फोटोतली?"

"मग काय माझ्या शेजारची? आमोद, यायचं असेल तर या. नसेल तर तसं सांगा, मी दुसरा माणूस बघते."

दुसरा माणूस नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तो स्कॅनर वीस वर्षांपूर्वीचा. कागद नव्हे, फोटोच्या निगेटिव्ह स्कॅन करणारा. त्याची वायर ज्या खोबणीत बसते ती खोबणच हल्लीच्या कॉम्प्युटरना नसते. मग एका वायरला दुसरी जोडणी, तिला तिसरी, असं शेपूट लावून मीच तो त्यांच्या कॉम्प्युटरला बसवून दिला होता. शेपूट लांब झालं की संबंध कच्चा होतो, हेही मीच सांगितलं होतं. डोळ्यांबद्दल मात्र मी काही सांगितलेलं नव्हतं.

सुहासिनीताई टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या. लग्न केलं नाही. का नाही, असं विचारणाऱ्याला त्या "तुम्ही केलंत, काय मिळालं?" असं इतक्या सरळ चेहऱ्याने विचारत की समोरचा खरंच विचारात पडे. नारायण पेठेत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्यात एकट्या राहायच्या. चहा मोजून एक कप करायच्या, पाहुणा आला तर मोजून दोन. मला त्यांच्याकडे जायला आवडायचं, कारण त्या गिऱ्हाइकासारख्या लाडीगोडी लावत नसत आणि कामात लुडबुड करत नसत.

त्यांचे वडील बाळ मेहेंदळे एका फोटो स्टुडिओसाठी रिटचिंग करायचे. म्हणजे निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने आणि पात्याने काम करून चेहऱ्यावरचे डाग, सुरकुत्या घालवायच्या. पण गावात त्यांचं नाव होतं ते वेगळ्याच कामासाठी. पूर्वी पुष्कळ माणसं आयुष्यात एकही फोटो न काढता जायची, विशेषतः आसपासच्या गावांतून. मग माणूस गेल्यावर, उचलायच्या आधी, घाईघाईने फोटोग्राफरला बोलावणं जायचं. तो येऊन, प्रेताला भिंतीशी टेकवून बसवून एक फोटो काढायचा. आता हार घालून भिंतीवर लावायचा तर मिटलेल्या डोळ्यांचा कसा लावणार? ती निगेटिव्ह मेहेंदळ्यांकडे यायची. ते भिंग लावून बसायचे आणि त्या माणसाचे डोळे उघडून द्यायचे. त्या धंद्यात त्याला असंच म्हणत: डोळे उघडून देणे.

आणि या माणसाच्या स्वतःच्या घरात बायकोचा एकही फोटो नव्हता.

एकसष्ट साली पानशेतचं पाणी आलं तेव्हा लग्नाचे फोटो ट्रंकेसकट गेले. नंतर सुहासिनीताईंचा जन्म झाला आणि त्या तीन वर्षांच्या असताना आई विषमज्वराने गेली. मधल्या काळात तिने फोटो काढून घेतला नाही. स्टुडिओतल्या माणसाची बायको, पण कॅमेरा म्हटला की पदर ओढून आत जायची. आणि ती गेली तेव्हा वडिलांनी फोटोग्राफरला बोलावलं नाही. शेजारचे म्हणाले, अहो तुमचाच माणूस आहे, हाक मारली की येईल. ते नाही म्हणाले. ताईंना आईचा चेहरा आठवत नव्हता. मावशीने सांगितलेलं तेवढंच होतं: उंच नव्हती, सावळी होती, आवाज गोड होता, डाव्या डोळ्याच्या पांढऱ्यात तीळ होता, हसताना तोंडावर पदर धरायची. एवढ्या सामानात माणूस उभा करता येत नाही. त्यांच्या बाहेरच्या खोलीत वडिलांचा फोटो होता आणि त्याच्या शेजारी एक मोकळा खिळा. तो खिळा कुणासाठी, हे मी एकदा विचारलं होतं.

"आईसाठी," त्या म्हणाल्या होत्या. "अख्ख्या पुण्याच्या मेलेल्यांचे डोळे उघडले माझ्या बापाने. घरच्या माणसाचा एक फोटो काढला नाही. मी हे त्यांना त्यांच्या तोंडावर म्हटलंय, मागून बोलत नाहीये. त्यावर काही बोलले नाहीत. शेवटपर्यंत नाही."

वडील गेल्यावर माळ्यावर निगेटिव्हचे डबे निघाले. मेलेल्या माणसाची निगेटिव्ह कुणी घरी नेत नाही, छापलेला फोटो नेतात. स्टुडिओ बंद झाला तेव्हा ते डबे मेहेंदळ्यांकडे आले आणि राहिले. ताईंनी पाकिटांवरची नावं-गावं बघून माणसं शोधायला सुरुवात केली. टपाल खात्यात जन्म काढलेला, पत्ता शोधायची खोड होतीच. जुने फोटो वाळवीने खाल्लेले, ओलीने गेलेले. ताई निगेटिव्ह स्कॅन करून, साफ करून, नवा फोटो करून द्यायच्या. मी एकदा म्हटलं, एवढा खटाटोप कशासाठी? तर म्हणाल्या, माझ्याकडे नाही म्हणून लोकांकडेही नसावा का?

तर त्या दिवशी दुपारी मी गेलो. एक वाजून गेला होता, सगळी पेठ शटर ओढून पडली होती. जिन्यात चिटपाखरू नाही. ताईंनी पडदे ओढून घेतले होते, स्क्रीन नीट दिसावा म्हणून. बाहेर रणरणतं ऊन आणि आत तो निळसर उजेड.

"मथुराबाई काळभोर," त्या म्हणाल्या. "लोणी काळभोरच्या. अठ्ठ्याऐंशी साली गेल्या. नातू रविवारी फोटो न्यायला येणार आहे, नव्या बंगल्याची वास्तुशांत आहे. मुलगा गेनबा अजून आहे, अंथरुणावर. आईला भिंतीवर लावल्याशिवाय मी नव्या घरात पाऊल टाकणार नाही म्हणतोय. बसा. बघा."

स्कॅनर गुरगुरला, निगेटिव्ह आत ओढली गेली आणि चित्र वरून खाली उलगडत आलं. आधी भिंत. मग पदर. मग कपाळ, मळवटाने भरलेलं. सवाष्ण गेलेली बाई. मग डोळे आले. उघडे, ओले वाटावेत असे, सरळ माझ्याकडे बघणारे. त्याखाली गाल ओघळलेले आणि तोंड किंचित उघडं. मी जुन्या यंत्रांत असतो, मेलेल्या माणसांत नसतो. मला ते बघवेना. सगळा चेहरा गेलेला होता आणि डोळे तेवढे घरी होते.

तेवढ्यात स्क्रीनवर पाटी आली: यंत्र सापडत नाही.

हे मला जमण्यासारखं होतं, त्यामुळे बरं वाटलं. मी वायरी काढल्या, टोकं खोडरबराने घासली, जोडण्या उलटसुलट करून बघितल्या. मग सगळं बंद करून आधी स्कॅनर आणि मग कॉम्प्युटर चालू केला. जुन्या यंत्रांना हा क्रम लागतो, नाहीतर ती ओळखच देत नाहीत. संबंध जुळला. पुन्हा निगेटिव्ह आत गेली. भिंत आली, पदर आला, मळवट आला.

मथुराबाईंचे डोळे मिटलेले होते.

पापण्या खाली, सारख्या, गुळगुळीत. मधे कुणी निगेटिव्हला हातही लावला नव्हता. पंखा चालू असून मला पाठीवर घाम जाणवला, आणि तो थंड होता.

"दिसलं ना?" ताईंच्या आवाजात समाधान होतं. "काल मला वाटलं आपलं वय झालं. तुम्हालाही दिसतंय, बरं झालं."

"मला बरं वाटत नाहीये," मी म्हटलं.

त्यांनी उठून मथुराबाईंची निगेटिव्ह काढली आणि दुसरी घातली. येरवड्याचा कुणी तरुण, गळ्यात हार. प्रोग्राममधल्या आपल्या नेहमीच्या खुणा करून त्यांनी स्कॅन सुरू केलं. डोळे उघडे. तो बघत होता, आम्ही बघत होतो. मग आतून कुठूनतरी टक् असा आवाज आला आणि घुर्र सुरू झाली. यंत्र सापडत नाही. मी पुन्हा सगळं बंद-चालू केलं. तरुणाने डोळे मिटले होते.

मी मनातल्या मनात रामरक्षेची पहिली ओळ म्हटली, हे इथे कबूल करायला हरकत नाही. आणि म्हणतानाच लक्षात आलं, की ती टक् आणि ती घुर्र मी ओळखतो. स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. फ्रिज. फ्रिजची पिन आणि स्कॅनरची पिन एकाच एक्स्टेन्शन बोर्डात.

"ताई, हे कुणी केलं?"

"मी. या खोलीतलं प्लगचं बटण परवा जळलं. इलेक्ट्रिशियन येतो म्हणाला, ते तुम्हाला माहीतच आहे."

फ्रिज सुरू झाला की क्षणभर दाब पडत होता आणि ते लांब शेपूट आधीच कच्चं, संबंध तुटायचा. मी स्कॅनरला बाहेरच्या खोलीतल्या प्लगमधून वेगळी वायर ओढून दिली. फ्रिज दोन वेळा सुरू झाला, संबंध हलला नाही. उरला प्रश्न डोळ्यांचा. तो कॉम्प्युटरसमोर बसून पाच मिनिटांत सुटला, आणि सुटल्यावर मला स्वतःचीच लाज वाटली.

संबंध तुटला की प्रोग्राम आपल्या सगळ्या खुणा, म्हणजे सेटिंग्ज, विसरत होता आणि कारखान्यातून आला तसा सुरू होत होता. त्या मूळच्या खुणांत एक खूण होती: धूळ आणि ओरखडे काढा. या स्कॅनरमध्ये नेहमीच्या दिव्याशिवाय आणखी एक दिवा असतो, आपल्याला न दिसणाऱ्या प्रकाशाचा. रंगीत फिल्म त्या प्रकाशाला काचेसारखी असते, आरपार. फिल्मवर बसलेली धूळ मात्र त्याला अडवते. जिथे अडलं तिथे कचरा आहे असं समजून यंत्र तेवढं खोडतं आणि आजूबाजूची त्वचा ओढून तिथे भरतं. पेन्सिलीचं शिसंही त्या प्रकाशाला अडवतं. बाळ मेहेंदळ्यांनी भिंग लावून काढलेले डोळे यंत्राच्या लेखी कचरा होते.

हे सांगितल्यावर ताई पहिल्यांदा हसल्या. "म्हणजे वडिलांचं काम धूळ. बरं झालं ते नाहीत ऐकायला." मग उठून त्यांनी मोजून दोन कप चहा केला. मीही मोकळा झालो होतो, आणि मोकळा झालेला माणूस जरा जास्तच हुशारी दाखवतो. मी म्हटलं, थांबा, तुम्हाला तो दुसरा दिवा काय बघतो तेच दाखवतो. माझ्याकडे एक दुसरा प्रोग्राम होता, त्यात नुसता तेवढाच प्रकाश वेगळा काढून बघता येतो. मी तो चालवला. मथुराबाई नाहीशा झाल्या. मळवट नाही, पदर नाही, भिंत नाही. पांढरट कागदावर पेन्सिलीच्या काळ्या रेघांचे दोन डोळे उरले. मी ते चित्र उलटं केलं, काळ्याचं पांढरं. मग काळ्याभोर पडद्यातून दोन डोळे आमच्याकडे बघायला लागले.

हे करायला नको होतं असं मला लगेच वाटलं. पण ताई पुढे सरकल्या होत्या. "त्या येरवड्याच्या मुलाचे दाखवा," त्या म्हणाल्या.

दाखवले. तेच डोळे.

"कात्रजचे ते म्हातारे. ते पाकीट." तेच डोळे. तिरपे बसवलेले, कारण म्हाताऱ्यांची मान कलंडलेली होती, पण तेच. मग त्यांनी एका लहान मुलीची निगेटिव्ह दिली. दहा वर्षांची असेल, वेणीला रिबन. उघड्या डोळ्यांनी ती मला आधीपासूनच विचित्र वाटली होती. आता कळलं का. त्या मुलीच्या चेहऱ्यात एका मोठ्या बाईचे डोळे होते. मी चारी चित्रं एकावर एक ठेवली, माप जुळवलं, आणि ती बसली. वरच्या पापणीचा बाक, आतला कोपरा, सगळं. एकच माणूस चारही चेहऱ्यांतून बघत होता.

"एकच साचा होता हाताला," मी म्हटलं. माझा आवाज मला जरा मोठा वाटला. "बरोबरच आहे. त्यांनी त्या माणसांना जिवंतपणी कुठे बघितलं होतं? कुठूनतरी आणायचेच होते डोळे. फक्त हा कचरा सगळीकडे एकाच जागी कसा, ते कळत नाही."

"कुठला कचरा?"

"हा ठिपका. इथे पेन्सिल फिरलेली नाही, बारीकशी जागा सोडलीय. डोळ्याच्या पांढऱ्यात."

"तो होय," ताई म्हणाल्या. "तो असतो. सगळ्यांत असतो. मी काढून टाकते, शेवटी, माउसने. फोटो स्वच्छ दिसला पाहिजे ना."

मग त्यांनी कप उचलला. मला वाटलं त्या चहा पीत आहेत, म्हणून मी वर पाहिलं नाही. त्यांनी विचारलं, "कुठल्या डोळ्यात आहे?"

"आपल्या उजव्या हाताचा. म्हणजे त्यांचा डावा."

कप त्यांनी खाली ठेवला नाही, धरूनच राहिल्या. त्या स्क्रीनकडे बघत होत्या आणि स्क्रीन त्यांच्याकडे. डाव्या डोळ्याच्या पांढऱ्यात तीळ, हे मलाही तेव्हाच आठवलं.

"सांगायला काय झालं होतं?" ताई म्हणाल्या. मला नव्हे. बाहेरच्या खोलीच्या दिशेने, जिथे वडिलांचा फोटो होता. "इतकी वर्षं मी बोलत होते. एक शब्द सांगायला काय झालं होतं हो तुम्हाला?"

मग माझ्याकडे वळल्या. टपाल खात्यातल्या करड्या बाईचा चेहरा साफ मोडून गेला होता. "लोकांना कचरा वाटतो म्हणून ती फोटो काढून घ्यायची नाही. मावशी सांगायची. मलाही कचराच वाटला, आमोद. एकेका फोटोत मी तिला शोधून काढली आणि पुसली. नीट, मोठं करून, कडेने पुसली."

मी म्हटलं, मूळ निगेटिव्ह आहेत, परत करता येतील. ते खरं होतं आणि अगदीच अपुरं होतं. त्या बराच वेळ रडल्या. मी उठून पडदे उघडले.

रविवारी चांगली वायर मिळाली म्हणून मी पुन्हा गेलो, तेव्हा मथुराबाईंचा नातू सूरज आलेला होता. धिप्पाड, गॉगल डोक्यावर, पण ताईंसमोर खुर्चीच्या कडेवर बसलेला. मोकळा खिळा मोकळाच होता. मी ते दोन डोळे छापून आणले होते, वेगळ्या पाकिटात, ताईंना उपयोग होईल म्हणून. त्यांनी पाकीट उघडून पाहिलं आणि माझ्या हातात परत दिलं. "नुसते डोळे भिंतीवर लावून घरात राहता येत नाही," म्हणाल्या. "चेहरा लागतो." त्यांचं खरं होतं, ते पाकीट दुकानाच्या खणात ठेवल्यापासून मी तो खण उघडत नाही.

सूरजच्या हातात मथुराबाईंचा मोठा फोटो होता. "लय भारी झालाय, ताई," तो म्हणाला. "आजीच हाय. एकदम क्लिअर." मग फोटो उजेडाकडे नेऊन त्याने डोळे बारीक केले. "हा ठिपका पण आलाय का! जुन्या फोटोत बी होता हा. आईला वाटायचं काचेला माशीनं घाण केली. लग्न होऊन आली तवापासून पुसतीय, पुसून पुसून कटाळली."

मी ताईंकडे बघायचं टाळलं.

"वर्षानुवर्षं पुसत होत्या?" ताईंनी विचारलं.

"रोज. दिवाबत्ती केली की पदरानं. ठिपका जातोय कुठं, पण सवय लागलेली." तो हसला. "काढता येईल का हो? राहू दे तसा, अंथरुणावरच्या दादांना तर दिसत बी नाय."

"तो निघत नाही," ताई म्हणाल्या. त्यांनी फोटो त्याच्याकडून परत घेतला, कागदात गुंडाळायला सुरुवात केली आणि मधेच थांबल्या. "लावणार कुठे?"

"हॉलमधे. दारासमोर. आल्या-गेल्याला पयली आजीच दिसली पायजे, असं दादांचं म्हणणं."

"हाराने डोळे झाकू नका."

"नाय झाकत."

ताईंनी सुतळीची गाठ मारली. गाठ पक्की बसली तरी त्यांचा हात गठ्ठ्यावरून निघेना.

"मी एकदा येईन म्हणते," त्या म्हणाल्या. "लोणीला. वास्तुशांत झाली, गर्दी ओसरली की. बसेन थोडा वेळ तुमच्या हॉलमध्ये. चालेल का?"

"अहो, चालेल काय, याच!" सूरज उठून उभा राहिला. "आई जेवायलाच ठेवून घेईल. तुम्ही आजीला वळखत व्हता का?"

"नाही," ताई म्हणाल्या. "तीन वर्षांची होते मी."

सूरजला त्याचा अर्थ लागला नाही. म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं अशा समजुतीने त्याने मान हलवली, वाकून नमस्कार केला आणि फोटो दोन्ही हातांनी छातीशी धरून तो जिना उतरायला लागला. ताई दारात उभ्या राहून, तो खालच्या वळणाला दिसेनासा होईपर्यंत, त्या गठ्ठ्याकडे बघत होत्या.